खाच नळीच्या रेषेत

९ जून २००३ रोजी द्वारकाबाई इंगवले यांनी कॅम्पातल्या तात्याराव शितोळ्यांच्या बंदुकांच्या दुकानात सहाशे पंचवीस रुपये भरले. रायफल सांभाळण्याचं पाच महिन्यांचं भाडं, दरमहा सव्वाशे. तात्यारावांनी नोटा मोजल्या, पावती फाडली आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, एवढ्यात माणूस लॉजवर राहिला असता."

"माणूस असता तर रायफल इथे कशाला ठेवली असती?" द्वारकाबाई म्हणाल्या.

तात्यारावांनी पावती पुढे सरकवली आणि पंख्याचा वेग उगाच वाढवला.

माणूस म्हणजे ज्ञानदेव इंगवले. खडकीच्या लष्करी वर्कशॉपमध्ये त्यांनी तेहतीस वर्षं हत्यारं दुरुस्त केली. सरकारी रायफली त्यांच्या हाताखालून हजारोंनी गेल्या असतील, पण स्वतःची अशी एकच. पॉइंट टू टू बोअरची, बोल्टची, इंग्लंडातली जुनी. परवाना काढून त्यांनी ती एका निवृत्त कर्नलकडून घेतली होती आणि पुढची पंचवीस वर्षं दर रविवारी रेंजवर नेली. जानेवारीतल्या एका सकाळी बिबवेवाडीच्या फ्लॅटच्या गॅलरीत, आपल्या टेबलाशी बसल्या बसल्या ते गेले. समोर रायफल दोन भागांत होती. लाकडी दस्ता वेगळा आणि नळी वेगळी. दोन्ही जोडणारे दोन स्क्रू काढून त्यांनी कॅमेऱ्याच्या रोलच्या काळ्या डबीत ठेवले होते. आदल्याच दिवशी जेवताना म्हणाले होते, "ह्या स्क्रूंचं आयुष्य संपलं. नवे करायला हवेत. पण घाई नको."

रायफल तशीच, दोन भागांत, पंचनामा होऊन तात्यारावांकडे आली. परवानाधारक गेल्यावर हत्यार घरात ठेवता येत नाही. पोलीस ठाण्यातून सांगितलं होतं की तीस जूनच्या आत ती कुणा परवानाधारकाला विका, नाहीतर सरकारजमा करा.

"सरकारजमा केली की पुढे काय होतं?" द्वारकाबाईंनी विचारलं होतं.

"काय होतं ते मी पाहिलेलं नाही," तात्याराव म्हणाले होते. "परत आलेली मात्र एकही पाहिलेली नाही."

मुलगी भाग्यश्री हैदराबादहून फोनवर म्हणायची, "आई, जमा करून मोकळी हो ना. बाबा काय तिच्यात बसलेत का?" द्वारकाबाई हो म्हणायच्या आणि विषय नातवाच्या दातांवर न्यायच्या. बाबा तिच्यात बसलेले नाहीत हे त्यांना कळत होतं. पण ती कुठल्यातरी सरकारी खोलीत गंजत पडणार, मग एक दिवस तिचे तुकडे होणार, हे डोळ्यांसमोर आलं की हातातली सुई थांबायची. ती कुणीतरी रविवारी रेंजवर न्यावी, आडवं पडून नेम धरावा, एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी हातात तीन आठवडे होते.

गिऱ्हाईक एकच होतं. शुभंकर ओगले, वय तीस, हडपसरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. त्याच्याकडे परवाना होता आणि तो तात्यारावांकडे काडतुसं घ्यायला यायचा. त्याने मांडणीवरची सुटी नळी उचलली, उजेडाकडे धरून आतून पाहिली आणि शीळ घातली.

"काकू, बॅरल काय मेन्टेन केलीय काकांनी! आरशासारखी आहे. मी घेतो. नऊ हजार ओके?"

"ओके," द्वारकाबाई म्हणाल्या. हा शब्द त्या पहिल्यांदाच वापरत होत्या.

"पण एक कंडिशन. जोडून, रेंजवर पाच राउंड मारून बघणार. ग्रुप आला, म्हणजे पाचही गोळ्या जवळजवळ लागल्या, तरच. माझ्याकडे शो-पीस ठेवायला जागा नाहीये. स्क्रूंचं टेन्शन नका घेऊ, मी अ‍ॅलन हेड टाकतो. स्टेनलेस. षटकोनी खाच, झिजायचा प्रश्नच नाही. टॉर्क सेट केला की विषय संपला."

"अ‍ॅलनचे नकोत," द्वारकाबाई म्हणाल्या.

"का?"

"ते आपण सायकलला लावतो." हे वाक्य ज्ञानदेवांचं होतं, त्यांनी ते फक्त पुढे दिलं. "तुम्हाला रायफल चालली म्हणजे झालं ना? स्क्रू मी आणते."

शुभंकर तात्यारावांकडे बघून हसला. "ठीक आहे काकू. रविवारी बावीस तारखेला रेंजवर भेटू. काकू म्हणतात तसे स्क्रू, मी म्हणतो तसा ग्रुप."

---

द्वारकाबाई ब्लाउज शिवायच्या. बिबवेवाडीत आल्यापासून, म्हणजे सासूबाई असल्यापासून. एके काळी लग्नसराईत दाराबाहेर चपलांचा ढीग असायचा. आता सोसायटीतल्या नोकरी करणाऱ्या मुली तयार कुर्ते घालत आणि साडी वर्षातून दोनदा नेसत. काम कमी झालं होतं, पण नजर तीच होती. काज आणि हूक समोरासमोर आले नाहीत तर त्या अख्खी पट्टी उसवायच्या. नवऱ्याचं आणि त्यांचं जमलं ते बहुधा याच एका गोष्टीवर.

रविवारी त्या ज्ञानदेवांबरोबर रेंजवर जायच्या. रायफल चालवायला नाही. डबा घेऊन, मागच्या बाकावर बसायला. सुरुवातीला आवाजाने दचकायच्या, मग त्या आवाजातच डुलकी लागायला लागली. गोळ्या संपल्या की ज्ञानदेव रायफल उलटी करून मांडीवर घ्यायचे आणि दस्त्याच्या पोटातले ते दोन स्क्रू अंगठ्याने चाचपायचे. दोन्ही स्क्रूंच्या खाचा नळीच्या रेषेत असायच्या. एकमेकींच्या मागे, सरळ, जणू पट्टी ठेवून आखलेल्या.

"हे कुणाला दिसणार आहे?" एकदा त्यांनी विचारलं होतं.

"तुला दिसलं ना?" ज्ञानदेव म्हणाले होते.

कौतुक असं तोंडाने करायचा त्यांचा स्वभाव नव्हता. पण त्या दिवसापासून रायफल उलटी केली की ते ती जराशी द्वारकाबाईंच्या बाजूला कलती करायचे. आता पाच महिने झाले, कुणी काही कलतं करून दाखवलं नव्हतं.

म्हणून खाचेचेच स्क्रू हवे होते. अ‍ॅलनच्या स्क्रूला षटकोनी भोक असतं. ते कसंही बसलं तरी सारखंच दिसतं.

---

दहा तारखेला त्या काळी डबी घेऊन बोहरी आळीत गेल्या. हार्डवेअरच्या दुकानात दार उघडून तासही झाला नव्हता, पण दुकानदार दिवसभराचा थकल्यासारखा दिसत होता.

"असे दोन द्या," द्वारकाबाईंनी झिजलेले स्क्रू काउंटरवर ठेवले.

"कशाला हवेत?"

"रायफलला."

"सकाळी सकाळी थट्टा नको बाई. दाराच्या कडीला म्हणाला असतात तरी दिले असते."

"मग दाराच्या कडीला द्या. पण मापाचे द्या."

दुकानदाराने एक स्क्रू चिमटीत धरला. "सहा एमएम. डोळे मिटून देतो."

"डोळे उघडे ठेवूनच द्या."

त्याने खरोखर डोळे उघडे ठेवले, एक नट काढला, जुना स्क्रू त्यात घालून पाहिला. जुना स्क्रू जेमतेम तोंडाशी अडला. "झिजलाय म्हणून अडतोय," दुकानदार म्हणाला आणि खाचेचे दोन स्क्रू कागदात बांधले. झिजलेली वस्तू सैल व्हायला हवी, ती अडेल कशी, हा प्रश्न द्वारकाबाईंना बसमध्ये पडला. पण तोवर स्वारगेट मागे पडलं होतं.

दुपारी तात्यारावांनी दस्ता आणि नळी जुळवून पुढचा स्क्रू लावला. तो बोटानेच सरसर आत गेला. आनंद व्हावा इतक्या सहज गेला. मग त्यांनी जरा जोर दिला तर तो जागच्या जागी हलायला लागला.

"बाई, हा आत गेलाय, पण मुक्कामाला नाही," तात्याराव म्हणाले. "चहा पिऊन जायला आलाय."

"सहा एमएम म्हणाला तो."

"तो त्याच्या जागी बरोबर. तुमची रायफल इंग्रजी. तिला मिलिमीटर कळत नाही, तिचं सगळं इंचात. पाव इंचाचा स्क्रू, आणि आटेही तिच्याच जातीचे. हा नवा त्याच्याहून केसभर बारीक आहे. जोर केलात तर भोकातले आटे कापले जातील, आणि ते मात्र बोहरी आळीत मिळत नाहीत." त्यांनी बोल्ट, म्हणजे नळीमागचा सरकता दांडा, पुढे सारला. तो अर्ध्यातच अडला. "हे आणखी एक. लांबीही जास्त आहे. पुढचा स्क्रू लांब झाला की टोक वर बोल्टच्या वाटेत येतं. दार मिटत नाही आणि माणूस दाराला शिव्या देतो."

"मग कोणता घ्यायचा?"

"घ्यायचा नाही. करून घ्यायचा. जुन्याच्या मापाने आटे, जुन्याच्या मापाने लांबी, पोलाद चांगलं. माझा मिस्त्री असता तर त्यानेच केला असता."

"कुठे गेला?"

"हडपसरला. आय.टी. कंपनीच्या फाटकावर उभा असतो. माझ्याकडे बंदुका दुरुस्त करायचा, आता तिथे गाड्यांच्या खाली आरसा धरतो. पगार दुप्पट." तात्यारावांनी रायफलीचे भाग पुन्हा वेगळे केले. "मी विकतो, बाई. कानस मी चालवत नाही."

---

हडपसर म्हटल्यावर द्वारकाबाईंना भीमराव रोकडे आठवले. ज्ञानदेवांबरोबर वर्कशॉपमध्ये टर्नर होते. स्वेच्छानिवृत्ती घेऊन त्यांनी हडपसरच्या आतल्या बाजूला पत्र्याची शेड टाकली होती आणि एक जुनं लेथ मशीन बसवलं होतं. शेडच्या मागे काचेची दहा मजली इमारत उभी राहत होती. दुपारी ऊन त्या काचांवर आपटून शेडमध्ये यायचं, म्हणून भीमरावांनी खिडकीला पोतं लावलं होतं.

"वहिनी, तुम्ही? बसा, बसा. ए, ते स्टूल पूस," असं म्हणून भीमरावांनी ते स्वतःच पुसलं, कारण शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं. "कामाला माणूस ठेवला होता तेव्हाची सवय हाय. जात नाही."

त्यांनी जुने स्क्रू हातावर घेतले आणि एकेक बोटांत फिरवून पाहिला.

"हे त्यानंच केलेले हायेत," शेवटी म्हणाले. "कंपनीचे नव्हेत. ऐंशी-एक्क्याऐंशी साल असंल, माझ्याच लेथवर केले. सुट्टीत. साहेबाला कळू नये म्हणून मी दारात उभा ऱ्हायलो."

द्वारकाबाईंना हे माहीत नव्हतं. त्यांना वाटलं होतं, स्क्रू विलायतेहून आलेले असावेत. बावीस वर्षं दर रविवारी दिसणाऱ्या त्या खाचा नवऱ्याने स्वतःच्या हाताने पाडल्या होत्या आणि एकदाही तसं सांगितलं नव्हतं. त्यांना थोडा रागच आला. आता त्या रागाचं काय करायचं, हेही कळेना.

"तसेच करून द्याल?"

"देतो की. पण आटे पाडून देणं माझ्याकडं. बसवणं रायफलीपाशी. नीट ऐका वहिनी. डोकं मी जाडच ठेवतो. रायफलीत घालायचा, पुरता आवळायचा, खाच कुठं थांबते ते बघायचं. आडवी थांबली तर स्क्रू काढायचा, डोक्याची खालची बाजू कानशीनं जरा घासायची, पुन्हा आवळायचा. अजून आडवी, पुन्हा घासायची. असं करत करत खाच सरळ येते. ज्ञानबाला एका स्क्रूला अख्खा दिवस लागला होता."

"तुम्ही याल का तात्यारावांच्या दुकानात?"

भीमरावांनी पोत्याकडे पाहिलं. "महिनाअखेर एका कंपनीला दोन हजार बुश, त्या लोखंडी पुंगळ्या, द्यायचेत. नाही दिले तर पुढची ऑर्डर चीनला जाणार, असं साहेब तोंडावर बोललाय. मी नाही येऊ शकत, वहिनी. हात जोडतो." आणि त्यांनी खरंच तेलकट हात जोडले.

स्क्रू अठरा तारखेला तयार झाले. काळपट निळ्या झाकेचे, डोकी जाड, खाचा धारदार. मजुरीचं नाव काढल्यावर भीमराव म्हणाले, "ज्ञानबाच्या स्क्रूची मजुरी घेतली तर झोप लागंल का मला?" आणि लेथ सुरू केलं. पुढचं काही ऐकू येण्याची सोय राहिली नाही.

---

शनिवारी, एकवीस तारखेला, द्वारकाबाई ज्ञानदेवांचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन दुकानात गेल्या. त्याचं पातं ज्ञानदेवांनी खाचेच्या रुंदीबरहुकूम घासलेलं होतं. तात्यारावांनी मागचा स्क्रू लावला. घट्ट आवळला आणि दोघांनी वाकून पाहिलं. खाच जवळजवळ नळीच्या रेषेत आली होती. भीमरावांचा हात म्हणा, योग म्हणा.

मग पुढचा. तो मोठ्या दिमाखात आत गेला, शेवटचे दोन फेरे जड गेले आणि पुरता आवळल्यावर खाच थांबली ती बरोबर आडवी. एक उभी, एक आडवी.

"झालं," तात्याराव हात पुसत म्हणाले. "दगडासारखी बसली. बोल्टही मिटतोय, बघा."

द्वारकाबाई बोल्टकडे बघतच नव्हत्या. "ही आडवी आली."

"येऊ द्या."

"घासायला हवं डोकं. कानस आहे का?"

"कानस आहे. चालवणारा हडपसरच्या फाटकावर आहे. मी घासलं तर डोकं तिरकं होईल, मग घट्टही बसणार नाही आणि सरळही नाही. उद्या सकाळी रेंजवर जायचंय, बाई."

द्वारकाबाई काउंटरला धरून उभ्या राहिल्या. आडवी खाच त्यांच्याकडे बघत होती. परक्या माणसाने नवऱ्याचा सदरा घालून समोर यावं तसं त्यांना झालं.

"थोडा मागे घ्या ना," त्या म्हणाल्या.

"काय?"

"स्क्रू. पाव फेरा मागे घ्या. म्हणजे सरळ येईल."

"ढिला राहील."

"पाव फेराच ना?"

"तुमच्या ब्लाउजाला पाव इंच कमी चालतं का?"

"शिवणीत माया ठेवलेली असते," द्वारकाबाई म्हणाल्या. "अहो, एवढं ऐका माझं. उद्या ती जाणार आहे. जाताना तरी त्यांची दिसू दे."

तात्यारावांना उलट उत्तर देण्याची आयुष्यभराची सवय होती. कोटी जिभेवर आलीही असेल. पण त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खाचेत ठेवला आणि पाव फेरा मागे घेतला. दोन्ही खाचा एका रेषेत आल्या. त्यांनी रायफल उलटी धरली आणि काउंटरवर जराशी द्वारकाबाईंच्या बाजूला कलती केली. त्यांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं, उजेड त्या बाजूने येत होता एवढंच. द्वारकाबाईंनी पदर तोंडाशी नेला आणि दुकानाबाहेर जाऊन रस्त्यावरची रहदारी बघत राहिल्या.

---

रविवारी रेंजवर बाक तेच होतं. वरचं छप्पर मात्र नवं झालं होतं आणि ओळीने चारचाकी गाड्या लागल्या होत्या. पूर्वी इथे फार तर चार स्कूटर असायच्या. तात्यारावांनी पेटीतून रायफल काढली, क्लबच्या अधिकाऱ्याने कागद पाहून मान हलवली. शुभंकर चटईवर आडवा पडला, दस्ता खांद्याशी घेतला आणि गाल लाकडावर टेकवला.

द्वारकाबाई बाकावर बसल्या. डबा आणला नव्हता. तरी मांडीवर काहीतरी हवं म्हणून पर्स ठेवली होती. पहिला आवाज झाला. आवाज अगदी तोच होता. डोळे मिटून घेतले तर पुढे कोण आडवं पडलंय हे ठरवणं आपल्या हातात आहे, असं त्यांना वाटलं. त्यांनी डोळे मिटले. दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. तेवढा वेळ सगळं होतं तसंच होतं.

"काकू."

शुभंकर टार्गेटचा कागद घेऊन उभा होता. पाच भोकं कागदभर पसरली होती. एक वर, एक खाली डावीकडे, एक तर काळ्या गोलाच्या बाहेर.

"ग्रुपच बनत नाहीये. मी वाईट मारतो मान्य, पण इतकं नाही. बॅरल चांगली आहे, मग हे का?" त्याने रायफल उलटी केली, एका हाताने नळी आणि दुसऱ्याने दस्ता धरून हलकेच पिळून पाहिलं. "हलतेय. फ्रंट स्क्रू लूज आहे. तात्या, तुम्ही आवळला नव्हता?"

तात्यारावांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसू लागले. "जुनं हत्यार आहे. लाकूड दबलं असेल," ते म्हणाले.

"मग सॉरी काकू. एवढ्या रिस्कवर मी नाही घेऊ शकत. नऊ हजार म्हणजे... आणि लाकूड दबलं असेल तर पुढे खर्चच खर्च."

त्याने रायफल पेटीत ठेवली. झाकण अजून उघडं होतं. आज बावीस तारीख होती आणि दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. तात्याराव एव्हाना लख्ख झालेला चष्मा अजून पुसत होते. त्यांनी आपली बाजू घेतली हे द्वारकाबाईंना समजलं. आपण आता गप्प बसलो तर तात्यारावांचं खोटं टिकेल, अब्रू राहील आणि रायफल सरकारी खोलीत जाईल.

"लाकूड दबलेलं नाही," त्या उठून म्हणाल्या. "स्क्रू मी ढिला करायला लावला. पाव फेरा. खाच सरळ दिसावी म्हणून."

शुभंकरला काही उमजेना. "सरळ म्हणजे?"

त्यांनी पेटीजवळ जाऊन बोट दाखवलं. "हे. दोन्ही एका रेषेत. ते असं ठेवायचे."

शुभंकर वाकून बघत राहिला. पहिल्या वेळी हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. "काकांनी प्रत्येक वेळी असं ठेवलं? ढिला करून?"

"नाही हो. ढिला कधीच नाही," द्वारकाबाई म्हणाल्या, आणि बोलता बोलता त्यांचा आवाज उतरला. "आधी आवळायचे. मग घासून घासून सरळ आणायचे. मी फक्त सरळ केलं."

त्यांनी पर्समधून स्क्रू ड्रायव्हर काढला. "आवळा."

"काकू, खाच मग आडवी येईल ना?"

"येऊ दे."

"मी आवळू?"

"थांबा. मी सुरू करते."

अधिकाऱ्याने रायफल रिकामी असल्याची खात्री केली, तात्यारावांनी ती दोन्ही हातांनी उलटी धरली. द्वारकाबाईंनी पातं खाचेत ठेवलं. ते इतकं चपखल बसलं की हात क्षणभर सोडवेना. मग त्यांनी फिरवायला सुरुवात केली. खाच रेषेतून हलली, तिरपी झाली. शिवणयंत्राचं चाक फिरवून फिरवून मनगट मजबूत झालेलं होतं, तरी अर्ध्या वाटेवर जोर संपला. उरलेलं शुभंकरने आवळलं. खाच पुन्हा आडवी येऊन थांबली.

"आणखी पाच राउंड द्या हो," शुभंकर अधिकाऱ्याला म्हणाला. "माझे संपले."

या वेळी द्वारकाबाईंनी डोळे मिटले नाहीत. चटईवर एक तिशीचा, जीन्स घातलेला, डोक्यावर टोपी उलटी केलेला मुलगा आडवा पडला होता. त्याचे बूट मोठाले होते. तो श्वास अर्धा सोडून थांबायचा, तेवढं मात्र बरोबर करत होता.

कागद आणला तेव्हा तो धावतच आला. पाचही भोकं एकमेकांत घुसली होती. आठ आण्याचं नाणं ठेवलं तर सगळी झाकली जावीत.

"काकू, काय रायफल आहे ही!" तो म्हणाला. "सोन्यासारखी! डन. आजच कागद करू. तात्या, उद्या परमिटचं बघा."

"पाव फेऱ्यात सोनं झालं," तात्याराव म्हणाले. "काल मी सांगत होतो तेव्हा पितळ होतं." पण द्वारकाबाईंकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "बाई, चहा घ्या. तुमचा चेहरा उतरलाय."

शुभंकर चेकबुक काढत होता. मध्येच थांबून म्हणाला, "काकू, ते घासून सरळ करतात ते कोण करून देईल? मी करून घेईन. खरंच."

"हडपसरला भीमराव रोकडे आहेत. तिथे काचेची नवी इमारत उभी राहतेय, तिच्या मागे पत्र्याची शेड आहे. पण दोन हजार बुश झाल्यावर जा."

"जाईन. आणि तुम्ही या ना रविवारी. मी इथेच असतो."

"बघू," द्वारकाबाई म्हणाल्या. पेटीचं झाकण लावायच्या आधी त्यांनी अंगठा पुढच्या स्क्रूवर ठेवला. धार अजून नवी होती, बोटाला लागली.

निघताना त्यांनी अधिकाऱ्याला विचारलं की दुसऱ्या वेळची पाच काडतुसं कुणाच्या नावावर मांडली. ओगल्यांच्या, असं तो म्हणाला. "ती माझ्या नावावर घाला," द्वारकाबाई म्हणाल्या. "पहिली पाच माझ्यामुळे फुकट गेली." अधिकाऱ्याने तसं केलं, पण पैशांची पेटी बंद करून किल्ली घेऊन कारकून गेलेला होता. पुढच्या रविवारी आणून द्या, असं ठरलं.

तीस जूनच्या आत रायफल शुभंकरच्या नावावर चढली. द्वारकाबाईंनी चेक बँकेत भरला. त्यानंतरच्या रविवारी त्या साडी नेसून, पर्स घेऊन तयार झाल्या आणि सोसायटीच्या फाटकापर्यंत जाऊन परत आल्या. त्याच्या पुढच्या रविवारी फाटकापर्यंतही गेल्या नाहीत. गॅलरीतल्या टेबलावर त्यांनी शिवणयंत्र ठेवलं आहे. काम फारसं नसतं. रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला त्या यंत्र थांबवतात आणि रहदारीच्या आवाजापलीकडे काही ऐकू येतं का ते बघतात. रेंज तिथून बारा किलोमीटरवर आहे. काही ऐकू येत नाही.

पाच काडतुसांचे साठ रुपये द्वारकाबाईंकडून क्लबला येणे आहेत.